डबीवर तिकीट, डबीत साबण

वाचकांचे प्रश्न, जुन्या औषधविक्रेत्याची उत्तरं

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या (1837 ते 1901) विलायती औषधांच्या बाटल्या आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या माळ्यांवर अजून सापडतात. त्यावर आलेल्या पत्रांनी टेबलाचा खण भरला. बहुतेकांनी मला 'डॉक्टरसाहेब' म्हटलंय. मी डॉक्टर नव्हे. आधी एका दवाखान्यात कंपाउंडर, मग 41 वर्षं औषधांचं दुकान, आता गुडघे चोळत घरी. तेव्हा दुखण्यासाठी डॉक्टर गाठा, बाटल्यांचं मला विचारा.

प्रश्न – पणजोबा बेळगावच्या कँपात एका साहेबाकडे बटलर होते. त्यांची ट्रंक उघडली तर चपटी काचेची बाटली निघाली. काचेतच 'क्लोरोडाइन' अशी इंग्रजी अक्षरं उठवलेली आहेत, तळाशी काळपट काहीतरी वाळलंय. पणजोबांना या औषधाचं वेड होतं असं आजी सांगायची. हे कशावरचं औषध? – एक शिक्षिका, निपाणी

उत्तर – ताई, आधी एक करा. बूच काढू नका, हुंगू नका, पोरांच्या हाती तर मुळीच देऊ नका. ते काळं वाळलंय त्यात अफू असायची दाट शक्यता आहे.

हे औषध जन्मानं निम्मं आपल्याकडचंच. जॉन कॉलिस ब्राउन हा पलटणीतला डॉक्टर हिंदुस्थानात नोकरीला होता. 1848 च्या सुमारास त्यानं पटकीवर (कॉलऱ्यावर) म्हणून हे मिश्रण बनवलं. अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म असा त्रिवेणी संगम. क्लोरोफॉर्मनं भूल देता येते हे एडिंबरोच्या सिम्पसन डॉक्टरांनी दाखवलं 1847 च्या नोव्हेंबरात, म्हणजे अगदी ताजा माल. पुढं 1856 मध्ये लंडनच्या डॅव्हनपोर्ट नावाच्या औषधवाल्यानं ते बाजारात आणलं आणि साहेब जिथं जिथं गेला तिथं तिथं ही बाटली गेली. पलटणीच्या छावणीत ती नसती तरच नवल.

जाहिरातीत पटकी, हगवण, खोकला, दमा, अर्धशिशी, झोप न येणं, सगळ्यांवर हेच एक. हसू येतं, पण एका अर्थी ते खोटं नव्हतं. अफू आतड्यांची हालचाल मंद करते, खोकल्याची उबळ दाबते, दुखणं विसरायला लावते. त्यामुळं रोग कुठलाही असो, तासाभरात माणसाला बरं वाटायचंच. रोग मात्र आपल्या जागी. पटकीत माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यानं. नुसते जुलाब थोपवून ते पाणी परत येत नाही. इकडं आपण मरगाईला नैवेद्य दाखवत होतो, तिकडं ते क्लोरोडाइनचे थेंब मोजत होते. 1854 मध्ये लंडनच्या जॉन स्नो डॉक्टरांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं पाणीच दोषी आहे हे दाखवलं, तरी लोकांना पटायला वर्षं गेली. पटकीचा खरा घरगुती उपाय सापडला तो विसाव्या शतकात. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी साखर-मिठाचं पाणी पाजून हजारो जीव वाचवले. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. याला ना गुपित, ना पेटंट.

क्लोरोडाइनचं गुपित मात्र कोर्टात गेलं. फ्रीमन नावाच्या एकानं 'खरं क्लोरोडाइन माझंच' म्हणून विक्री सुरू केली. 1864 मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की शोध कॉलिस ब्राउनचाच. तो निकाल पुढं कित्येक वर्षं जाहिरातीत छापत होते. गंमत बघा, कोर्टानं 'हे कुणी शोधलं' एवढंच सांगितलं. 'हे चांगलं आहे का' हा प्रश्न कोर्टापुढं नव्हताच. वाचणाऱ्याला ते दोन्ही एकच वाटे.

'पणजोबांना वेड होतं' हे वाक्य मी पत्रात दोनदा वाचलं. साहेबाच्या कपाटातली बाटली, पोटदुखीवर घेतलेले चार थेंब, मग रोजचे चार, मग दहा. त्याला आज आपण व्यसन म्हणू, पण त्यांना कुणी सांगितलं होतं आत काय आहे ते? विलायतेत 1868 च्या कायद्यानं अफूच्या बाटलीवर 'विष' अशी चिठ्ठी सक्तीची केली, पण पेटंट औषधांना त्यातून सूट दिली. माझ्या दुकानातही खोकला नसलेली पोरं खोकल्याचं औषध मागायला यायची, तेही कोडीनवालंच, म्हणजे अफूच्याच घराण्यातलं. डॉक्टरांची चिठ्ठी मागितली की पसार. आपल्या पणजोबांना दोष देऊ नका. त्या नावाचं औषध विलायतेत पुढंही बराच काळ मिळत राहिलं. गांजा आणि क्लोरोफॉर्म गेले, थोडं मॉर्फीन आणि पेपरमिंटचं तेल राहिलं.

बाटली फोडू नका. एखाद्या फार्मसी कॉलेजला देऊन टाका, मुलांना दाखवायला उपयोगी पडेल.

प्रश्न – औषधाची कृती गुप्त, तर त्याला 'पेटंट' कसं म्हणायचे? पेटंटसाठी तर कृती उघड करावी लागते ना? – एक वकील, चिकोडी

उत्तर – वकीलसाहेब, बरोबर बोट ठेवलंत. यातल्या बहुतेकांना पेटंट नव्हतंच. फार पूर्वी काही औषधवाल्यांना राजाकडून खास सनद मिळायची, त्या सनदेवरून हे नाव पडलं आणि पुढं सगळ्याच बाटल्यांना चिकटलं. खरं पेटंट घ्यायचं तर आत काय घातलंय ते लिहून द्यावं लागणार, आणि मुदत संपली की कुणीही तेच बनवणार. त्यापेक्षा नाव आणि लेबल आपल्या नावावर करून घ्यायचं, आतलं मात्र सांगायचं नाही.

त्याहून बिलंदर गोष्ट तिकिटाची. 1783 पासून विलायतेत अशा औषधांवर कर होता आणि कर भरल्याचं सरकारी तिकीट डबीवर चिकटवायला लागे. रयतेला वाटायचं, राणीनं तपासून शिक्का मारलाय. राणीनं फक्त पैसे घेतलेले! हा कर थेट 1941 पर्यंत चालला. एक शिलिंगाच्या, म्हणजे 12 पेनीच्या, डबीवर दीड पेनी कर, म्हणून जुन्या जाहिरातींत किंमत नेहमी '1 शिलिंग दीड पेनी' अशी विचित्र दिसते.

आता त्याच किमतीच्या बीचमच्या गोळ्या घ्या. थॉमस बीचम या माणसानं 1842 च्या सुमारास सुरुवात केली, पुढं सेंट हेलेन्सला मोठा कारखाना काढला. 'गिनीच्या मोलाची डबी' ही त्याची जाहिरात. गिनी म्हणजे 21 शिलिंग, म्हणजे मोल 21 चं आणि तुम्हाला देतोय एकाला, कसा भलेपणा! 1909 मध्ये ब्रिटिश डॉक्टरांच्या संघटनेनं अशा गुप्त औषधांची तपासणी करून निकाल छापला. बीचमच्या गोळीत निघालं काय? काळा बोळ, म्हणजे कोरफडीचा वाळवलेला रस. सुंठ. आणि साबण. बोळानं पोट साफ होतं, सुंठीनं कळ कमी येते, साबणानं गोळी वळली जाते. तिन्ही जिन्नस आजही आपल्या रविवार पेठेत एका फेरीत मिळतील. 56 गोळ्यांच्या मालाची किंमत त्यांनी काढली अर्धा फार्दिंग. पेनीचा चौथा हिस्सा फार्दिंग, त्याचा अर्धा म्हणजे पेनीचा आठवा भाग. साडेतेरा पेनीला विकलेली डबी. गुणाकार मी तीनदा केला: बरोबर 108 पट. जपमाळेचा एकेक मणी ओढावा तसा नफा.

होलोवे हा दुसरा महारथी. 1837 मध्ये मलम, मग गोळ्या, त्याही बोळाच्याच. हा माणूस जाहिरातीवर पाण्यासारखा पैसा ओतायचा. वापराच्या सूचना आपल्या देशी भाषांतसुद्धा छापायचा. पण त्याच पैशातून त्यानं लंडनजवळ मुलींसाठी भव्य कॉलेज बांधलं, 1886 मध्ये खुद्द राणीनं उद्घाटन केलं. आता याला शिव्या द्याव्यात की नमस्कार करावा, मला ठरवता येत नाही.

गुपिताचा फटका मी स्वतः खाल्लाय, तेही सांगतो. नव्वदच्या दशकात एक एजंट दम्यावरच्या पुड्या घेऊन आला. 'शुद्ध वनस्पती, गुरूंची देणगी, कृती सांगायची नाही.' कमिशन चांगलं, मी ठेवल्या. बेळगुंदीची एक बाई न्यायची, दोन दिवसांत दम बसायचा, सगळ्या गावाला सांगायची. सहा महिन्यांनी आली तेव्हा चेहरा पुरीसारखा फुगलेला. मी ओळखलंच नाही. डॉक्टरांनी एका नजरेत ओळखलं, पुडीत स्टेरॉइड होतं. एकदम बंद केलं तर जिवाला धोका, म्हणून त्यांनी बाईला हळूहळू त्यावरून उतरवलं. बाई मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. एजंट पुढच्या महिन्यापासून फिरकलाच नाही.

कायद्याचं तुम्हाला मी काय सांगणार? मधुमेह, मोतीबिंदू, उंची वाढवणं अशा 54 गोष्टींवर 'हमखास गुण' अशी जाहिरात करायला आपल्याकडे 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. आयुर्वेदिक 'प्रोप्रायटरी' औषधाच्या लेबलवर घटक छापावेच लागतात. तरी सकाळी पेपरातून पत्रकं पडतातच.

प्रश्न – बाळ तीन महिन्यांचं आहे. सासूबाई गुटी द्यायची म्हणतात, शेजारीण ग्राइप वॉटर आणून देते. इंग्रजी औषधांपेक्षा घरचं नैसर्गिक बरं ना? – खानापूर तालुक्यातून एक आई

उत्तर – मुली, हे पत्र मी सगळ्यांत आधी फोडलं आणि सगळ्यांत शेवटी उत्तराला घेतलं.

तुझ्या प्रश्नातल्या 'इंग्रजी'ची गोष्ट अशी. गिरण्या आल्या, आया कामाला जाऊ लागल्या, तान्ही मुलं एखाद्या म्हातारीच्या हवाली. दहा पोरं रडायला लागली तर ती काय करणार? गॉडफ्रेचं कॉर्डियल पाजायची. काकवीसारख्या पाकात अफू. अमेरिकेतल्या मिसेस विन्स्लोच्या 'शांत करणाऱ्या' सरबतात, 1849 पासून विकलं गेलेलं हे, दर औंसाला 65 मिलिग्रॅम मॉर्फीन होतं. लेबलवर आई आणि गुबगुबीत बाळ. बाळं खरंच शांत व्हायची. काही कायमची. आणि वाचलेली भूक न लागून रोडावायची, कारण गुंगीतलं मूल दूध मागत नाही. 1911 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं त्याला बालघातकी म्हटलं.

आता 'घरच्या'ची गोष्ट ऐक. मुंबईत गिरणीत जाणाऱ्या आपल्याच बायका बाळाला बाळागोळी देऊन जायच्या. तीही अफूचीच. आणि मुंबई तरी कशाला? शहापूर तेव्हा सांगली संस्थानात. आमच्या गल्लीत घरोघरी माग, आजी दिवसभर कांड्या भरायची. तिच्या कनवटीला पितळेची डबी असायची, तीत मोहरीएवढ्या काळ्या गोळ्या. अफू तेव्हा परवान्याच्या दुकानात उघड मिळायची. मला एक आत्या होती म्हणे. घरात तिचं नाव कुणी घेत नसे. 'झोपेतच गेली' एवढंच आजी सांगायची आणि उठून चुलीकडे जायची.

म्हणून नैसर्गिक म्हणजे निर्धोक असं मी म्हणत नाही. अफूसुद्धा झाडावरच येते.

तुझ्या सासूबाईंच्या गुटीत अफू नसणार, हे मला माहीत आहे. सहाण घ्यायची, हिरडा, बेहडा, सुंठ, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड, खारीक, बदाम यांचे एकेक-दोनदोन वेढे उगाळायचे. दुकानात कानडी आज्ज्या यायच्या, 'बजे, अळलेकाई कोडरी' म्हणायच्या, तेच आपलं वेखंड आणि हिरडा. या गुटीचा मला आदर आहे, कारण प्रत्येक जिन्नस डोळ्यांदेखत सहाणेवर येतो. बीचमनं साबण लपवला होता, आज्जीनं काही लपवलं नाही. तरीपण वेढे कुणी मोजतं का? बाळ रडलं की जायफळाचा वेढा वाढतो, कारण जायफळानं गुंगी येते. वेखंडातल्या एका घटकानं प्रयोगातल्या उंदरांना गाठी झाल्या म्हणून अमेरिकेत ते खाण्यात घालायला बंदी आहे. आणि सहाण धुतलेली नसली तर गुटीपेक्षा जुलाबच आधी.

ग्राइप वॉटरही त्याच जमान्यातलं. 1851 मध्ये नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डनं काढलं. शेपूचं तेल, खाण्याचा सोडा, साखर, आणि बरीच वर्षं त्यात मद्यार्कही होता! बाळाला आधी साखर गप्प करायची आणि मग मद्यार्क.

पहिले सहा महिने आईचं दूध, बाकी पाणीसुद्धा नको, असं आज डॉक्टर सांगतात आणि मी त्यांच्याच बाजूचा. वर्षाच्या आत मधाचं बोटही चाटवू नकोस, त्यातून एक जीवघेणा विषार होऊ शकतो. सासूबाईंशी भांडू नकोस मात्र. त्यांना म्हण, 'तुम्ही बाळाला तेल लावा की, तुमच्यासारखं मला जमत नाही.' रडणारं बाळ खांद्यावर घेऊन ढेकर काढायची कला त्यांच्याच हातात आहे.

प्रश्न – ईनोच्या फ्रूट सॉल्टमध्ये कुठलं फळ असतं? – गोकाक

उत्तर – कुठलंही नाही. न्यूकॅसलच्या जेम्स क्रॉस्ली ईनो या औषधवाल्यानं 1850 च्या दशकात ते काढलं, बंदरातले खलाशी न्यायचे. खाण्याचा सोडा आणि फळांत सापडतात तशी आम्लं. पाण्यात पडली की फसफसतात, ढेकर येतो, माणूस खूश. रक्तदाबवाल्यांनी जपून, त्यात सोडियम असतं. आमच्या घरी निम्मी पुडी ढोकळ्यात जाते.

प्रश्न – त्या काळच्या उपायांतलं खरंच लागू पडणारं काय होतं? – फार्मसीची विद्यार्थिनी, वडगाव

उत्तर – भरपूर होतं. हिवतापावर क्विनीन, 1820 मध्ये सिंकोनाच्या सालीतून वेगळं काढलेलं. आपल्या सरकारनं बंगालात 1892 पासून ते पोस्टातून पैशाच्या पुडीनं विकलं. सोनामुखी, एरंडेल हे आपलं नि त्यांचं सामायिक. लवंगेचं तेल दाढेवर आजही. आणि गळवावर जवसाचं पोटीस. हा 'पोटीस' शब्दच मुळी इंग्रजी 'पोल्टिस'वरून आला आणि आमच्या आजीच्या तोंडात इतका बसला की ती त्याला अस्सल मराठी समजायची. उकळत्या पाण्यात जवसाचं पीठ, फडक्यावर पसरायचं, आधी स्वतःच्या दंडाला लावून बघायचं. ओल्या उबेनं रक्त तिकडं धावतं, ठणका कमी होतो. जादू काही नाही.

मारक काय होतं तेही लिहून घे. दात येणाऱ्या बाळांना पाऱ्याचा क्षार घातलेल्या पावडरी द्यायचे. त्यानं मुलांचे हातपाय गुलाबी व्हायचे, साल निघायची, काही दगावायची. पावडरींतून पारा गेला तो 1950 च्या दशकात, म्हणजे राणी जाऊन पन्नास वर्षांनी.

तुला प्रयोगशाळेत करून बघायला एक देतो. कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल समभाग घे, बाटलीत घालून हलव. तीन कोरडे खडे, एक थेंब पाणी न घालता पातळ होतात. कारण तिघं मिळून वितळायचा बिंदू खाली ओढतात. आमच्याकडे हीच अमृतधारा. गिऱ्हाइकासमोर केलं की ते हात जोडायचं. लहान मुलांपासून लांब, कापूर पोटात गेला तर झटके येतात. आपल्या बेळगावात तर पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाच आहे, कधी परवानगी मिळाली तर बघून ये.

आणि काय लागू पडायचं विचारतेस तर रंग लागू पडायचा. मी कंपाउंडर असताना बाटलीला करकोचे पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचो, एक करकोचा म्हणजे एक डोस. हिंडलग्याचा एक म्हातारा पोटाच्या तक्रारीला आला. बिनरंगाचं मिक्स्चर दिलं तर दुसऱ्या दिवशी बाटली परत. 'ह्ये पाणी हाय. केंपु मद्दू द्या की.' लाल औषध! मी आत जाऊन त्याच मिक्स्चरमध्ये रंगाचे दोन थेंब टाकले आणि बाहेर आणून जोरात हलवून दिलं. आठवड्यानं शेंगांची पिशवी घेऊन हजर, पोट उत्तम. मी डॉक्टरांना कबूल केलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, म्हणाले, "ठीक आहे. पण रंगाचे पैसे लावू नकोस."